आमच्या बगळ्यांचा हंगाम

३१ ऑगस्ट, रविवार

अमेरिकेत लेकीच्या घरी गौरीला साडी नेसवत होते, तोंडात टाचणी होती, आणि फोन वाजला. स्वानंदी. फोन खांद्याने कानाशी धरला आणि टाचणी जवळजवळ गिळलीच.

"आजी, मी फुटबॉल टीममध्ये सिलेक्ट झाले!"

"अगं, तू तर शाळेपासून खेळतेस."

"ते सॉकर, आजी. धिस इज फुटबॉल फुटबॉल. हेल्मेटवाला."

म्हणजे तो रांगडा खेळ, ज्यात धटिंगण पोरं एका अंड्याच्या आकाराच्या बॉलसाठी एकमेकांच्या अंगावर कोसळतात! आणि त्यात माझी नात, काडी पहिलवान, जिचं निम्मं वजन केसांचं. ती म्हणाली, घाबरू नकोस, मला कुणी पाडणार नाही, मी फक्त किक मारायची. टीमचा किकर टायलर म्हणून आहे, त्याचा गुडघा गेला. ही मैत्रिणींशी पैज लावून मैदानात उतरली, दोन खांबांच्या मधून एकामागून एक बॉल घालत सुटली, आणि कोचने तिथल्या तिथे तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं.

आसावरीने, म्हणजे स्वानंदीच्या आईने, कपाळाला हात लावला. "आई, प्लीज, तिला एन्करेज करू नकोस. ती टीम दोन वर्षांत एक मॅच जिंकलेली नाहीये. लोक जोक्स करतात त्यांच्यावर."

"मग चांगलंच आहे. अशांनाच माणसं लागतात," मी म्हणाले.

टीमचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे. माझा नवरा मनोहर म्हणाला, "एका पायावर उभे राहून हरत असतील." मला इतकं हसू आलं की गौरीच्या निऱ्या पुन्हा घालाव्या लागल्या. शाळेत मी थ्रोबॉल खेळायचे, त्यानंतर स्वानंदीचं ते सॉकर सोडलं तर आमच्या घराण्यात कुणी चेंडूला हात लावला नाही. आता पासष्टी उलटल्यावर घरात पुन्हा खेळाडू! हे सगळं लिहून ठेवायला हवं, नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज दुपारी मॅच आणि संध्याकाळी मंडळाचं विसर्जन. आसावरी आणि जावईबापू विसर्जनाच्या तयारीला गेले. मी आणि मनोहर कॅरीहून, म्हणजे आसावरीच्या गावाहून, तासाभराचा ड्राइव्ह करून स्वानंदीच्या कॉलेजला.

नियम असे कळले. बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की टचडाउन, सहा गुण. मग किकर येऊन खांबांमधून बॉल घालतो, एक गुण. टचडाउन जमत नसेल तर नुसती किक मारायची, तिचे तीन. म्हणजे टीम पुढे सरकल्याशिवाय आमच्या पोरीला काही कामच नाही. आणि बगळे पुढे सरकतच नाहीत! सबंध दुपार ती बाजूला उभी राहून एका जाळीत बॉल मारत बसली.

समोरच्यांनी टचडाउन केलं की मी टाळ्या वाजवत होते. आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला तसंच वळण लावलं होतं. चांगल्या खेळाला टाळी, मग तो कुणाचा का असेना. मॅच संपली की हरवणाऱ्या मुलींसाठी थ्री चिअर्स, आणि कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर सगळ्यांनी पुन्हा ओरडायचं. सिस्टरांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत लाल मातीने भरलेला असे. केवढ्या सुंदर दिसायच्या!

चौथ्या टाळीला पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. पांढरे केस, कानात प्लास्टिकचे बगळे. "हनी, यू आर ऑन द राँग साइड."

मी सांगितलं, आमची नात ती तिकडे, वेणीवाली. त्यांनी माझ्या हिरव्या स्वेटरकडे बघितलं. हिरवा रंग समोरच्या टीमचा होता. मनोहरने त्याचं जांभळं, म्हणजे बगळ्यांच्या रंगाचं, जाकीट काढून माझ्या खांद्यावर घातलं. बाईंचं नाव डार्लीन. तीस वर्षं ह्याच बाकावर बसून हरतायत म्हणे. आम्हाला उकडलेले शेंगदाणे दिले. हरलो बेचाळीस-शून्य. किती मजा आली!

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मजा आली नाही.

व्हर्जिनियात मॅच होती, लांडगे नावाच्या टीमच्या गावी. मध्यंतरापर्यंतच पन्नासच्या वर गेले. जाऊ दे, ते मोठे आणि ताकदवान, आमचे कच्चे लिंबू. पण सत्तर-शून्य झाल्यावरही त्यांचा कोच कडेला उभा राहून "मोअर! मोअर!" असं ओरडत होता. प्रत्येक टचडाउननंतर त्यांची पोरं आमच्या पडलेल्या पोरांसमोर बसून रडण्याची नक्कल करायची आणि वर फोटो काढून घ्यायची.

शेवटी त्यांच्या हातून बॉल निसटला आणि आमचे बगळे चुकून खांबांजवळ पोचले. कोचने स्वानंदीला पाठवलं. मोसमातली तिची पहिली किक! मी मनोहरचा हात एवढा दाबला की त्याची अंगठी मला रुतली. ती पाय उचलणार तेवढ्यात लांडग्यांनी टाइमआउट मागून खेळ थांबवला. पुन्हा उभी राहिली, पुन्हा टाइमआउट. तिसऱ्यांदाही. सत्तर गुणांनी पुढे असताना! तेवढ्यात त्यांचा एक आडदांड मुलगा चवड्यांवर उभा राहून बॅले नाचून दाखवायला लागला आणि त्यांचा सगळा स्टँड खिदळला. किक चुकली. स्वानंदीने दोन्ही हातांनी हेल्मेट गच्च धरलं आणि तशीच वाकून उभी राहिली. मग त्यांनी आणखी एक टचडाउन केलं. सत्त्याहत्तर.

बसमध्ये चढण्याआधी ती भेटली. मला वाटलं किक चुकली म्हणून रडतेय.

"नाही आजी. ते ऑलरेडी जिंकले होते. दे डिडन्ट हॅव टू डू दॅट."

मी म्हटलं, आपणही एक दिवस दाखवू त्यांना. ती म्हणाली, "तो पॉइंट नाहीये आजी." दमली होती बिचारी.

मी आज एकही टाळी वाजवली नाही. सिस्टर बेनेडिक्टांनी लांडगे पाहिले नव्हते.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा!

आठवडाभर मी विचार करत होते. इतकी धडधाकट पोरं, रोज सराव करतात, अंडी खातात, मग हरतात का? उत्तर एकच. दृष्ट. दोन वर्षं सगळं राज्य ह्या पोरांकडे बघून हसतंय, दृष्ट नाही लागणार तर काय! मनोहर म्हणाला, "नीला, तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस ना?" मी म्हटलं, सिस्टरांना सांगितलं नाही म्हणजे आमच्या घरी दृष्ट काढत नव्हते असं थोडंच आहे.

इथे मॅचआधी लोक पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून, शेगड्या मांडून जेवणं करतात. डार्लीनचीही शेगडी धगधगत होती. मी रुमालात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बांधून नेल्या होत्या. स्वानंदी मैदानाकडे निघाली तशी तिला बाजूला घेतलं, तीनदा उतरवलं, आल्यागेल्याची, पाप्याची, लांडग्यांची, सगळ्यांची दृष्ट म्हणाले, आणि मूठ निखाऱ्यावर टाकली.

मिरच्या थोड्याच टाकायच्या होत्या. माझ्या हातून सगळ्या पडल्या.

असा ठसका उठला! डार्लीन खोकायला लागली, तिचा नवरा हातातलं सॉसेज टाकून पळाला, बँडवाले तुताऱ्या खाली ठेवून डोळे चोळायला लागले. वारा नेमका पाहुण्यांच्या बसकडे होता. त्यांची पोरं टी-शर्ट तोंडावर ओढून बाहेर पडली. एक सिक्युरिटीवाला धावत आला. मी त्याला म्हटलं, "सर, इट इज ओन्ली फॉर द इव्हिल आय." तो म्हणाला, "मॅम, इट गॉट माइन."

मनोहर डोळे पुसत म्हणाला, "पण ठसका उठला म्हणजे दृष्ट नव्हती ना? दृष्ट असली तर वास येत नाही, असं तूच सांगतेस."

मी रुमाल झटकला. खरं आहे ते.

"म्हणजे कुणाची दृष्ट नाही, काही नाही," तो म्हणाला. "नुसते वाईट खेळतात."

पण मग काय झालं! तिसऱ्या भागात बगळ्यांनी टचडाउन केलं! दोन वर्षांतलं आपल्या मैदानावरचं पहिलं म्हणे. लोकांना काय करायचं ते सुचेना, कित्येक जण बसूनच राहिले. आणि स्वानंदी धावत आली, उभी राहिली, आणि पायाचा असा चाबकासारखा फटकारा मारला की बॉल खांबांच्या बरोब्बर मधून! मी बाकावर चढले. डार्लीनही चढली. आम्ही दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून नाचलो. अठ्ठावीस-सात हरलो, आणि लोक जिंकल्यासारखे रडत घरी गेले.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज बस थांबली आणि सगळी टीम माझ्यासमोर रांगेत उभी. एक-एक पोरगा दारातून वाकून जाईल एवढा. "मॅम, कॅन वी गेट द स्मोक?" एकेकाला उतरवता उतरवता खांदा भरून आला. मिरच्या ह्या वेळी मोजक्याच टाकल्या. फक्त तीन गुणांनी हरलो! स्वानंदीने तीन किक मारल्या, तिन्ही आत.

१९ ऑक्टोबर, रविवार

अमेरिकेतली दिवाळी रविवारी येते. ह्या आठवड्यात मॅच नव्हती म्हणून स्वानंदी घरी आली. चकल्या खाता खाता म्हणाली, पुढच्या वर्षी टायलर परत येणार. किकर एकच लागतो. कोच म्हणाला आहे, शेवटच्या मॅचमध्ये एकही किक चुकवली नाहीस तर जागा तुझी. चुकली तर टायलरची.

"तुला हवी आहे का खरंच?" आसावरीने विचारलं. तिला 'नाही' असं उत्तर हवं होतं.

"मम्मा, आय हॅव नेव्हर वॉन्टेड एनीथिंग लाइक धिस." मग मराठीत, माझ्याकडे बघून, "मी धावत जाते ना आजी, तेव्हा सगळं शांत होतं. मला फक्त माझा पाय ऐकू येतो."

आसावरी उठली आणि तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. आमच्याकडे होकार असाच देतात.

शेवटची मॅच ऑटर्सशी, म्हणजे पाणमांजरांशी. डार्लीन म्हणते, ते आपल्यापेक्षाही वाईट आहेत. असंही कुणी आहे जगात! मला रात्रभर आनंदाने झोप लागायची नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इंडियन ग्रोसरीत एक गृहस्थ लांडग्यांची टोपी घालून कोथिंबीर निवडत होते. मराठीच निघाले, पुतण्या तिथे शिकतो म्हणे. मी शेवटची चांगली जुडी त्यांच्या समोरून उचलली. मला कोथिंबीर नको होती. गाडीत मनोहरने ती माझ्या मांडीवरून उचलून मागच्या सीटवर ठेवली. मी मात्र मोटारीत गाणं म्हणत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! जिंकलो, जिंकलो, जिंकलो! त्रेसष्ट-शून्य! असं वाटतंय की कॅरीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवून सांगावं. तरी मनाला एक काटा टोचतोय. सगळं क्रमाने लिहिते.

पाणमांजरांची टीम निम्मी गळालेली. कुणी जखमी, कुणी मोसमाच्या मध्येच सोडून गेलेले. जेमतेम तीस पोरं उरलेली, तीच हल्ल्याला, तीच बचावाला. त्यांचा किकर म्हणजे एक हडकुळा मुलगा, किक मारून झाली की लगेच धावत जाऊन दुसऱ्या जागी उभा राहायचा. मॅचच्या आधी स्वानंदी त्याच्याशी हसून बोलत होती. मला आवडलं नाही. मी डार्लीनला म्हटलं, शत्रूशी कसल्या गप्पा!

पहिल्या पाच मिनिटांत टचडाउन. आमचे बगळे उडायलाच लागले! टचडाउन, किक, टचडाउन, किक. आज आसावरीही आली होती. तिसऱ्या किकला ती उभी राहून "स्वानु!" म्हणून किंचाळली आणि मग इकडेतिकडे बघून खाली बसली. मी तर घसा फुटेस्तोवर ओरडत होते. "मोअर! मोअर!" मागच्या रांगेतली पोरं माझ्या सुरात सूर मिसळायला लागली. साऱ्या स्टँडने धरलं, "मोअर! मोअर!" आणि ते सुरू मी केलं होतं! एकदा त्यांच्या दोन पोरांची टक्कर होऊन बॉल सुटला तेव्हा मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मनोहर म्हणाला, "नीला, हळू."

मी म्हटलं, "दोन वर्षांचं साचलंय रे."

"तुला येऊन अडीच महिने झालेत."

नऊ टचडाउन, स्वानंदीच्या नऊच्या नऊ किक आत. शेवटचं अर्धं मिनिट उरलं, बॉल आमच्याकडे, खांबांच्या अगदी जवळ. डार्लीन पर्स आवरायला लागली. म्हणाली, आता आपला मुलगा बॉल घेऊन गुडघा टेकवेल, वेळ संपेल. एवढ्या फरकाने पुढे असलं की तशी रीत आहे म्हणे. पण आमच्या कोचने हात हलवला आणि स्वानंदीला पाठवलं. आणखी तीन गुण! सहासष्ट! माझ्या अंगावर काटा आला. दहाच्या दहा आणि जागा पक्की!

डार्लीन म्हणाली, "ओह नो. व्हॉट फॉर?" मला तिचा राग आला. तीस वर्षं हरून माणसाला जिंकायची भीती वाटायला लागते बहुतेक.

स्वानंदी मैदानात आली. समोर पाणमांजरं उभी होती, कुणी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत, तो हडकुळा एका हाताने बरगडी धरून. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग बॉल धरायला जो मुलगा बसतो त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. त्याने चमकून वर पाहिलं, कोचकडे पाहिलं, आणि हसला. ती मोजून मागे आली, पण रोजच्या जागी नाही, बरीच बाजूला. मी ओरडले, "अगं, सरळ उभी राहा!" एवढ्या लांबून ऐकू जातंय थोडंच.

आणि मारली. इतकी सोपी किक, आमच्या अंगणातून मारली तरी आत जाईल अशी. बॉल खांबांच्या जवळपाससुद्धा गेला नाही. तिरका, उजवीकडे, कडेला बसलेल्या बँडवर जाऊन एका जाड्या मुलाच्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यात अडकला. ठप्प!

वेळ संपली. आमचे लोक जल्लोष करत मैदानात उतरले आणि मी मात्र मट्कन खाली बसले. गेली बिचारीची जागा. एका किकने गेली! कोच तिच्यापाशी जाऊन हातवारे करत काहीतरी बोलला. तिने मान हलवली. लांडग्यांच्या वेळी हेल्मेट धरून वाकली होती तशी आज वाकली नाही, ताठ उभी होती. धक्का बसला असणार. मग ती पाणमांजरंच धावत आली, आणि त्या हडकुळ्याने तिच्या हेल्मेटवर टपली मारून कपाळाला कपाळ लावलं. हरलेल्यांनी आमच्या पोरीचं सांत्वन करावं! इतकी लाज वाटली मला तिच्या वतीने.

आसावरी रडत होती. मी म्हटलं, "रडू नकोस, होतं असं." ती म्हणाली, "आई, मी त्यासाठी नाही रडत." मग कशासाठी ते सांगेना.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वानंदी रात्री घरीच आली होती. सकाळी कोचचा फोन. जागा टायलरला. "येस कोच. आय नो, कोच," एवढंच बोलली. मग बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी जवळ घेतलं. म्हटलं, "बाळा, ऐन वेळेला हात-पाय थरथरतात माणसाचे. त्यात कमीपणा नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडता मध्येच हसायला लागली. "ट्यूबा, आजी. डिड यू सी द ट्यूबा?" तो पितळी भोंगा आठवून मलाही हसू फुटलं. नंतर तिने चार थालीपिठं खाल्ली. पुढे म्हणाली, वसंतात मुलींच्या सॉकर टीमची निवड आहे, बघते.

मनोहर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "नीला, तो बॉल जिथे जायला हवा होता तिथेच गेला."

"भोंग्यात?"

"साधारण तिकडेच."

मनोहरचं हे असं असतं. निवृत्तीपासून फारच कोड्यात बोलायला लागलाय. खेळातलं त्याला काही कळत नाही, मी चाळीस वर्षं बघतेय.

आत्ता हे लिहिते आहे आणि ती मागच्या अंगणात आहे. मागे दोन मेपलची झाडं आहेत, मध्ये हातभर फट. त्या फटीतून बॉल घालतेय. मनोहर पलीकडून परत फेकतोय. एकही चुकत नाही! डोळे मिटूनसुद्धा एक मारला, तोही आत. शेवटी मला राहवलं नाही. खिडकी वर केली आणि ओरडले, "अगं, बघ! अश्शी मारायची होतीस काल!"

दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की मनोहर झाडाला टेकला आणि ती गवतातच बसली. काय झालंय ह्यांना, देव जाणे. मी बाहेर जाते. तिच्या उभं राहण्यात काय चुकतंय ते मलाच दाखवायला हवं.